हात दिसतात, चेहरा नाही

2024 च्या एप्रिलमध्ये बासी ईदेला मी मिरजेला चाचांकडे गेलो होतो. चाचा म्हणजे अब्बांचे चुलतभाऊ. वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान पुढे, घर मागे. त्याच सुमारास मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली होती आणि गल्लीत पत्रकारांची, फोटोग्राफरांची ये-जा वाढली होती. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन चाचांनी गादीखालून वर्तमानपत्रांची कात्रणं काढली. चार कात्रणं, चार फोटो.

"देख, इसमें मैं हूं," एका फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले.

मी पाहिलं. भोपळा होता, तबली होती, तबलीवर कानस चालवणारे दोन हात होते. माणूस नव्हता.

"कहां हो, चाचा?"

"ये हात मेरा है ना. अंगूठे पे निशान देख. उसपे से मैंने पैचाना."

बाकीचे तीन फोटोही हातांचेच होते. एकात खुंटी पिळणारा हात, एकात चपड्याचं पॉलिश मारणारा हात, एकात दांडीवरची नक्षी आणि तिच्या कडेला चार बोटं. कोणाचे हात ते खाली लिहिलेलं नव्हतं. 'मिरजेतील कारागीर' एवढंच. चाचांनी कात्रणांची घडी घातली आणि हसत विचारलं, "मूं कायको नई छापते रे? इतना बुरा है क्या?"

मी हसलो, पण तो प्रश्न माझ्यासोबत पुण्याला आला. कारण उत्तर मला माहीत होतं. मी फोटोग्राफीवर पोट भरतो, आणि अशा दुकानांत शिरलो की मीही हातांचेच फोटो काढत आलो आहे.

त्यामागचं कारण तांत्रिक आहे आणि साधं आहे. चाचांचं दुकान दहा बाय बारा फुटांचं. खिडकी नाही. उजेड येतो तो फक्त गल्लीकडच्या दारातून. कारागीर दाराकडे तोंड करून खाली बसतो, काम मांडीवर असतं, त्यामुळे दारातलं ऊन नेमकं हातांवर आणि भोपळ्यावर पडतं. चेहरा मात्र वर राहतो, फळीच्या आणि छताला टांगलेल्या भोपळ्यांच्या सावलीत. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण डोळा क्षणात जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. हातांवर चेहऱ्याच्या आठपट, कधी सोळापट उजेड असतो. हातांचा हिशेब धरला तर चेहरा काळा होतो. चेहऱ्याचा धरला तर हात, भोपळा, दार सगळं पांढरं फटक होऊन उडून जातं. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवूनही उपयोग नाही, कारण त्याने दोन्ही सारखंच वाढतं, फरक तेवढाच राहतो. मग फोटोग्राफर हात निवडतो. ते सोपं असतं, सुंदर दिसतं आणि कोणाशी न बोलताही उरकतं.

आमच्या चेहऱ्यांची आणखी एक अडचण आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरी टोपी, पांढरी दाढी, पांढरा कुर्ता आणि मधे सावळा चेहरा असला की त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि ते फोटो गडद करतं. टोपी करडी होते, चेहरा काळवंडतो. काळ्या बुरख्याच्या बाबतीत उलट. त्याला वाटतं अंधार आहे, मग ते फोटो उजळ करतं आणि बुरख्यातला चेहरा फिका पडतो, नाकडोळे पुसले जातात. यात यंत्राचा काही आकस नाही. त्याला सांगावं लागतं की बाबा, टोपी पांढरीच आहे आणि बुरखा काळाच. ते सांगण्याइतका वेळ चालवणाऱ्याने काढायला हवा.

चाचांचा चेहरा आणायचा तर दुकानात उजेड न्यावा लागणार होता. आणि उजेड घेऊन कोणाच्या घरात शिरणं ही गोष्ट माझ्यासाठी नवी नव्हती. माझी सुरुवातच तिथून झाली. ती सुरुवात फारशी चांगली नव्हती.

तेरा-चौदा वर्षांचा असताना मी एका फोटो स्टुडिओत लाईट धरायचं काम करायचो. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे दिवस होते. हजार वॅटचा हॅलोजन, मागे लांबलचक वायर, आणि तो हॅलोजन डोक्याच्या वर धरून शूटिंगवाल्याच्या पुढे चालणारा पोरगा म्हणजे मी. ते दिवे भयंकर तापायचे. नवरीच्या चेहऱ्यावरचा मेकअप वितळायचा, लोक डोळे मिटून घ्यायचे. आमच्या लग्नांत बायकांच्या बाजूला मोठ्या माणसांना जाता यायचं नाही, म्हणून मला पाठवायचे. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात दिवा. पोरगाच आहे म्हणून कोणी अडवायचं नाही.

आमच्या धाकट्या चाचांच्या लग्नातही मीच होतो. बायकांच्या मांडवात दादी एका कोपऱ्यात बसली होती. मी दिवा तिच्याकडे वळवला. दादी तस्वीरीच्या विरुद्ध होती. ज्या घरात तस्वीर असते तिथं रहमतीचे फरिश्ते येत नाहीत, असं ती सांगायची. कॅमेऱ्याच्या फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत हे मला खूप नंतर कळलं. दादीचा त्या वादाशी संबंध नव्हता, तिला नको होतं एवढंच. ती म्हणाली, "लाईट हटा रे." मी हटवला नाही. सगळ्यांना घ्यायचं असं मालकानं बजावलेलं होतं, आणि ती तर माझी दादी होती, तिच्यापाशी लाड चालायचे. तिने तळहात पुढे धरला आणि तोंड वळवलं.

दादी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या दोनच तस्वीरी आमच्याकडे आहेत. एक निवडणूक ओळखपत्रावरची. त्यात एक काळा डाग आणि त्याभोवती ओढणी आहे. दुसरी त्या कॅसेटमधली. पुढे कोणीतरी ती सीडीवर उतरवून घेतली. त्यात प्रखर उजेडात एक तळहात दिसतो आणि पाच-सहा सेकंदांनी कॅमेरा पुढे सरकतो. तेवढ्यात मागून तिचा आवाज येतो. दिवा माझ्या हातात होता.

पुढे मी याच धंद्यात आलो. स्टुडिओचे मोठे फ्लॅश दिवे शिकलो. या फ्लॅशचा इतिहास बराच जुना आहे. वेगवान हालचाल गोठवणारा विजेचा फ्लॅश अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात घडवला. पण स्टुडिओत वापरण्याजोगा ताकदीचा फ्लॅश म्हणजे भिंतीतली वीज आलीच. मी काम शिकलो ते लोडशेडिंगचे दिवस होते. कोणाच्या घरी जाऊन फोटो काढायचे म्हणजे आधी विचारायचं, तुमच्याकडे लाईट कधी जाते? मग प्लग शोधायचा, वायर ओढायची, आणि दोन दिवे एकदम लावले की घराचा फ्यूज उडायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत लिथियम बॅटरीवर चालणारे ताकदवान फ्लॅश आले आणि हे चित्र बदललं. माझा फ्लॅश 200 वॅट-सेकंदांचा आहे. बॅटरीसकट एका हातात मावतो. कॅमेऱ्यावर छोटा ट्रिगर बसतो, तो रेडिओ लहरींनी फ्लॅशला इशारा देतो. सोबत एक स्टँड, उजेड मऊ करणारा तीन फुटी सॉफ्टबॉक्स, थर्माकोलचा एक पांढरा तुकडा. सगळं एका खांद्यावर येतं, आणि वीज नसलेल्या शेतातही चालतं.

बाहेर जाऊन लोकांचे चेहरे टिपण्याची ओढ फोटोग्राफरांना फार पूर्वीपासून आहे. अर्विंग पेन यांनी 1948 च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुझ्को गावात तिथल्याच एका फोटोग्राफरचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि डोंगरातल्या लोकांना तिथं बोलावून त्यांचे फोटो काढले. पुढे ते एक तंबूच घेऊन फिरले. मोरोक्को, न्यू गिनी, जातील तिथं तंबू उभारायचा, मागे साधा पडदा, आणि माणसाला त्यात आणून उभं करायचं. फोटो अप्रतिम आहेत. पण त्यात माणसाचं घर मागे राहतं. चाचांना मला पडद्यापुढे बसवायचं नव्हतं. डोक्यावरचे भोपळे, भिंतीवरच्या दांड्या, भुश्याने माखलेली चटई, हे सगळं चेहऱ्याइतकंच हवं होतं. म्हणजे माणूस उजेडाकडे न्यायचा नव्हता, उजेड माणसाकडे न्यायचा होता.

जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, मी सामान घेऊन मिरजेला गेलो. गल्लीत बॅगा उतरवल्या तसे लोक जमले. कोण आहे, कशासाठी आलाय, फोटो कुठं जाणार. एका बुजुर्गांनी सरळच विचारलं, "कागद का काम है क्या?" मला 2019-20 चा तो हिवाळा आठवला. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत वही-पेन घेऊन शिरणाऱ्या माणसाकडेही लोक संशयाने बघत होते. त्यात चुकीचं काही नव्हतं. फोटो म्हणजे ओळखपत्र, ओळखपत्र म्हणजे चौकशी, असं ज्यांना वाटतं त्यांनी दिव्याकडे आनंदाने का बघावं? मी सांगितलं, चाचांचा फोटो काढायचाय, ते बघतील, त्यांनी हो म्हटलं तरच ठेवीन. बुजुर्ग तिथंच पायरीवर बसले. खात्री करून घ्यायला.

आधी फ्लॅश लावलाच नाही. नुसत्या खोलीचा फोटो घेतला. शटर 1/60, छिद्र एफ 4, आयएसओ 800. खोली थोडी अंधारी दिसावी, पण मेलेली नसावी. पिवळा बल्ब बल्बसारखा दिसावा, छताचे भोपळे ओळखू यावेत. बाहेर फ्लॅश वापरताना लोक सहसा हीच पायरी गाळतात. एका फोटोत दोन उजेड असतात. जागेचा उजेड शटरच्या वेगाने कमी-जास्त करता येतो. फ्लॅशचा मात्र करता येत नाही, कारण तो सेकंदाच्या एवढ्या बारीक हिश्श्यात येऊन जातो की शटर थोडा वेळ जास्त उघडं राहिलं तरी त्याला फरक पडत नाही. त्याला छिद्राने किंवा फ्लॅशच्या स्वतःच्या ताकदीने आवरायचं. म्हणून आधी जागा ठरवायची, मग माणूस.

मग सॉफ्टबॉक्स उभा केला आणि तिथं मी चुकलो. चेहरा स्पष्ट यायलाच हवा या घाईत दिवा समोर लावला, उंच लावला आणि ताकद वाढवली. टेबलफॅनच्या वाऱ्याने स्टँड डुलायला लागला. चाचांनी लाकडाच्या तुकड्यांची पिशवी आणून त्याला टांगली. फोटो काढला, पडद्यावर दाखवला. चाचा बराच वेळ बघत राहिले.

"ये तो बारात का फोटो है रे."

खरंच होतं. चेहरा लख्ख, भिंत लख्ख, भोपळे लख्ख. चष्म्याच्या काचांत दोन पांढरे चौकोन. डोळे बारीक झालेले. दुकान दुकान राहिलं नव्हतं आणि चाचा पाहुण्यासारखे दिसत होते. तो हॅलोजन अजून माझ्या हातातून सुटला नव्हता.

मी दिवा मागेपुढे करू लागलो. चाचा कंटाळून कामाला लागले. एका तंबोऱ्याची जवारी काढायची होती. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तार ज्या जागी टेकते तिथं खाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून इतर स्वरांची झालर उठते, गुंजन सुरू होतं. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज बसतो. घोडीची पाठ कानशीने घासून आधी तयार करावी लागते, आणि ते मोजमाप फक्त कानाला माहीत असतं. चाचा तार छेडत होते, दोरा सरकवत होते, पुन्हा छेडत होते. बसकी, बसकी, आणि एकदम तार उघडली.

माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "तू जोर से मारता है. सरका ना जरा."

मग मी ताकद सोडली आणि सरकवायला लागलो. आधी दिव्याची बाजू बदलली. उजेड दारातूनच येतो, तर दिवाही दाराच्याच बाजूला, दाराच्या पाखीआड, जणू दार थोडं जास्त उघडलंय. पाहणाऱ्याला दिवा लावल्याचा पत्ता लागू नये. मग तो जवळ आणला, चेहऱ्यापासून तीन फुटांवर. इथं उजेडाचा जुना नियम कामाला येतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. तीन फुटांवर चाचांचा चेहरा आणि दिव्यापासून नऊ फुटांवर मागची भिंत. म्हणजे चेहऱ्याला जे मिळतं त्याचा नववा हिस्साच भिंतीला मिळतो, आणि भिंत आपल्या अंधारात राहते. शिवाय दिवा जवळ आला की चेहऱ्याच्या मानाने तो मोठा होतो, आणि मोठा दिवा सावल्या मऊ करतो. सुरकुत्या राहतात, पण ओरबाडल्यासारख्या दिसत नाहीत. जवळ आणल्यावर ताकद इतकी कमी करता आली की फ्लॅश 1/64 वर आला. डोळ्यांवर झोत येण्याचं बंद झालं. नुसती एक टिचकी वाजल्यासारखं होई.

फ्लॅशचा रंग दुपारच्या उजेडासारखा पांढरा असतो आणि खोलीत पिवळा बल्ब होता. फ्लॅशवर फिकट नारिंगी जेलचा कागद लावला, तेव्हा चेहरा त्या खोलीतला वाटू लागला. चष्म्याचं काय करायचं? काच आरशासारखी वागते, दिवा ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परत जातो. दिवा थोडा वर घेतला, चाचांच्या चष्म्याच्या काड्या कानामागे बोटभर उचलल्या, काचा किंचित खाली झुकल्या आणि पांढरे चौकोन गेले. आत डोळे होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची चमक होती. दाढीची अंधारातली बाजू तुटत होती, तिथं थर्माकोलचा तुकडा धरायला कोणीतरी हवं होतं. पायरीवरचे बुजुर्ग उठले आणि त्यांनी तो धरला.

या सगळ्याला दीड तास लागला. हात टिपायला दोन मिनिटं पुरली असती. पण त्या दीड तासात चाचांनी मला कोणत्या गवयाचा तंबोरा दुरुस्तीला आला होता ते सांगितलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांतला कोणता चांगला, तो टिचकी मारून कसा ओळखायचा, हे सांगितलं. तलवारींना धार लावणारे शिकलगार या गावात वाद्यांकडे कसे वळले, ते त्यांच्या दादांकडून ऐकलेल्या रीतीने सांगितलं. स्टँड, सॉफ्टबॉक्स, ट्रिगर हे सगळं घेऊन कोणाचा चोरून फोटो काढता येत नाही. आधी विचारावं लागतं, मग बसावं लागतं, मग समोरचा कंटाळतो आणि त्यानंतर तो स्वतःसारखा दिसायला लागतो. तो फोटो मिळाला तेव्हा चाचा माझ्याकडे बघतही नव्हते. तार ऐकत होते. मान थोडी कललेली, हातात दोरा, आणि चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाचा भाव. हातही आहेत त्या फोटोत, पण ते कोणाचे आहेत हे आता विचारावं लागत नाही.

नुसता दिवा नेला म्हणून माणूस सभ्य होतो असं मी म्हणणार नाही. माझ्या दादीने ते पाहिलंय. आणि दिवा नव्हता म्हणून फोटो निर्दोष ठरतो असंही नाही. जगात सर्वाधिक ओळखला जाणारा मुस्लिम मुलीचा चेहरा घ्या. स्टीव मॅकरी यांनी 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला, हिरव्या डोळ्यांचा. 1985 च्या जूनमध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. त्यात फ्लॅश नव्हता. ते डोळे सगळ्या जगाने पाहिले, पण तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला 2002 साली कळलं, तिला शोधून काढल्यावर. तेव्हा तिने सांगितलं की फोटो काढला त्या वेळी तिला राग आला होता. माणूस परका होता आणि त्याआधी तिचा कोणी फोटोच काढला नव्हता. त्या डोळ्यांतल्या भावाचे लोकांनी सतरा वर्षं किती अर्थ लावले. तो राग असू शकतो, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

आपल्याबद्दलच्या बातम्यांचे फोटो आठवून पाहा. नमाजाच्या रांगेत झुकलेल्या पाठी. पाठमोरे बुरखे. वरून घेतलेल्या टोप्याच टोप्या. आणि कौतुकाची बातमी असली तर कारागिराचे हात. प्रत्येक वेळी त्यामागे वाईट हेतू असतो असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा घाई असते आणि सावलीतला चेहरा उजळायचा कंटाळा असतो. मी त्याच धंद्यातला आहे, म्हणून हे आरोपासारखं लिहीत नाही. पण कंटाळ्याचा परिणाम समोरच्यावर होतो. चाचांना वर्तमानपत्रात स्वतःला ओळखायला अंगठ्याची जखम शोधावी लागली.

फोटो मी एका पुरवणीला पाठवला, खाली चाचांचं नाव आणि ते किती वर्षं हे काम करतात ते लिहून. लेख छापून आला. त्यांनी माझ्याच फोटोतला खालचा भाग कापून वापरला होता. घोडी, दोरा आणि हात. फोन केला तर उत्तर मिळालं की जागा आडवी होती, आणि हात जास्त बोलतात. मला फार लागलं. चाचांना कसं सांगायचं म्हणून आठवडाभर फोन केला नाही. शेवटी त्यांचाच आला. त्यांनी पुरवणी पाहिली होती. म्हणाले, "अखबार को हात रैने दे. दुकान में मूं है ना."

कारण तोवर मी मोठी प्रिंट पाठवली होती आणि ती दुकानात दाराच्या समोरच्या भिंतीला लागली होती. घरात नाही, दुकानात. चाचीने तसं बजावलं होतं. तंबोरा घ्यायला येणारे आधी फोटोकडे बघतात, मग खाली बसलेल्या माणसाकडे. पायरीवरच्या त्या बुजुर्गांचाही फोटो पुढच्या खेपेला काढला, त्यांनीच सांगितलं म्हणून. आता गल्लीतल्या पाच दुकानांत पाच चेहरे आहेत. हा लेख लिहिण्याआधी मी चाचांना विचारलं, तुमचं नाव लिहू का? म्हणाले, "तू चाचा बोलता ना? चाचाच लिख."

त्या पुढच्या खेपेचीच एक गोष्ट राहिली. काम संपवून मी आत घरात चहाला बसलो होतो. सॉफ्टबॉक्स उतरवला नव्हता, तसाच दाराशी उभा होता. चाची त्याच्याकडे बघत होती. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं आणि ती नको म्हणाली होती. मी पुन्हा विषय काढला नव्हता. चहाचे कप उचलता उचलता तीच म्हणाली, "मेरा एक निकालता क्या? किसी को दिखाने का नहीं. मेरे पास रैंगा."

मी म्हटलं, एकच प्रिंट काढीन आणि ती तुमच्याकडे राहील. प्रिंट दिली की तुमच्यासमोर फोटो पुसून टाकीन. नंतर तसंच केलं. म्हणून त्या फोटोबद्दल इथं काही लिहिणार नाही. ती खुर्चीवर बसली, ओढणी सारखी केली, चष्मा काढला, परत घातला. मी दिवा तिच्या डाव्या बाजूला आणला. तिने एकदा त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं आणि डोळे किंचित मिटले.

मी थांबलो. "चाची, लाईट हटाऊं?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "रैने दे."